जावईबापूंचं ठिगळ

आमच्या अंगणात एक मोटरबोट आहे आणि तिच्यात कोथिंबीर लावलेली आहे.

पुसदला समुद्र नाही, हे मला माहीत आहे. (हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलं आहे, की आता आधीच म्हणून टाकतो.) बोट फायबरची आहे. कधीकाळी पांढरी होती. पुढे स्टिअरिंग आहे, त्यावर आमच्या घरची फडकी वाळत असतात. नव्या माणसाला घराचा पत्ता सांगताना ‘बोट दिसली की थांबा’ एवढंच सांगावं लागतं, आणि समोरचा माणूस ‘काय दिसली?’ म्हणून पुन्हा विचारतो.

ही बोट कशी बुडाली, याची एक हकिकत आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत गेली आठ वर्षं सांगितली जाते. लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्याला! आमचे जावई प्रशांतराव यांनी बोटीच्या बुडाला लावलेलं ठिगळ सुटलं आणि बोट बुडाली, अशी ती हकिकत आहे. ती खोटी आहे. ठिगळ सुटलं नव्हतं. खरं काय झालं ते मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी आठ वर्षं गप्प बसलो होतो. आता वय झालं. निदान ठिगळाचा तरी न्याय करून जावा, म्हणून हे लिहितो आहे.

मी पाटबंधारे खात्यात कालव्यावर होतो. जन्मभर पाणी सोडलं आणि पाणी बंद केलं, पण पाण्यात उतरलो नाही. मला पोहता येत नाही. निवृत्त झाल्यावर धरणाकडे एक चक्कर मारली, तर तिथलं नौकाविहाराचं केंद्र कधीचंच बंद पडलेलं. ही बोट बाभळीखाली पडली होती आणि तिच्यात तीन शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या. सामान भंगारात काढून टाकायचं चाललं होतं. माणसाच्या आयुष्यात काही क्षण असे येतात की त्याने सरळ घरी निघून जावं. मी नाही गेलो.

बोट कापसाच्या ट्रॉलीतून घरी आणली. भर बाजारातून. ट्रॅक्टर पुढे, बोट मागे आणि बोटीत ती हलू नये म्हणून धरून बसलेला मी. निवडणुकीचे दिवस होते. चौकात पानठेल्यावरच्या एकाने हात जोडले.

“काका, कोन्त्या पक्षाचे?”

“कोन्त्याच नाही रे बाबा!”

“म्हंजे अपक्ष! चिन्ह बम जोरदार भेटलं तुमाले. मत पक्कं समजा!”

घरापर्यंत येता येता मला साताठ मतं मिळाली. घरात मात्र एकही नव्हतं. आमची सौ. शांताबाई फाटकात उभी होती.

“अवो, हे काय आनलं?”

“बोट.”

“ते दिसून राह्यलं मले. कायले आनली?”

“दुरुस्त करू. मग धरणावर फिरू.”

“तुमाले पोहता येते?”

“बोटीत बसल्यावर पोहायचं कामच काय?”

तिने माझ्याकडे पाहिलं, बोटीकडे पाहिलं, आणि पदर खोचला. “आधी तो कूलर दुरुस्त करा. दोन उन्हाळे झाले, बुडातून गळून राह्यला. खोलीत तळं होते. तुमची नाव तितंच चालवा!”

“उद्या करतो,” मी म्हणालो.

(हा ‘उद्या’ वाचकांनी लक्षात ठेवावा. सगळा घात त्याच्यात आहे.)

बोट फाटकातून आत जाईना. फाटक काढलं. तरी जाईना. मग खांब पाडला. ती आत गेल्यावर लक्षात आलं, की आता शांताबाईला तुळशीपर्यंत जायला बोटीतून चढून उतरावं लागतं. पहिल्या दिवशी ती पाण्याचा तांब्या घेऊन बोटीत चढली आणि मधेच थांबून तिने मला जे ऐकवलं, ते तुळशीच्या साक्षीने ऐकवलं, म्हणून इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी घासकाम काढलं. फायबर घासलं की त्याची बारीक पिठी उडते आणि ती अंगाला लागली की खाज सुटते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. साधी खाज नाही. खाजकुयली तिच्यापुढे चंदनाचा लेप! मी बनियन काढून दोरीवर टाकलं, तेच चुकलं. त्याच दोरीवर घरातले सगळे कपडे आणि शेजारच्या भाऊरावांची धोतरं वाळत होती. संध्याकाळपर्यंत आमच्या दोन्ही घरांत एकही माणूस सरळ उभा नव्हता. भाऊराव म्हणजे गल्लीतलं जुनं, भारदस्त माणूस. ते ओट्यावर उभे राहून भिंतीला पाठ घासत होते.

“काका, हे खरूज कुठून आनली बाप्पा?”

“खरूज नाही. बोट आहे.”

“बोट चावते?”

सगळ्यांनी कडुलिंबाच्या पाल्याच्या आंघोळी केल्या. शांताबाई मोरीतून ओरडली, “अन् कूलर?”

“उद्या!”

पुढचं काम होतं रेझिनचं. फायबरच्या भेगा बुजवायला काचेच्या धाग्यांची चटई लावतात आणि तिच्यावर रेझिन नावाचं काकवीसारखं द्रावण ओततात. त्यात थोडंसं हार्डनर घातलं, की ते दगडासारखं घट्ट होतं. आता आमच्या वर्षाचा नवरा, म्हणजे जावई प्रशांतराव, नागपूरकडे फायबरची दारं आणि पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात कारागीर. हे सगळं त्यांच्या रोजच्या कामातलं. मी फोन केला. मुलखाचा अबोल माणूस. फोनवर बोलतात तेव्हा रेंज गेली असं वाटतं.

“मामाजी,” बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “ऊन फार आहे. हार्डनर कमी घाला. अगदी थेंब.”

मी थेंबाला भीक घालणारा माणूस नव्हतो. घट्टच व्हायचं आहे ना, मग थोडं जास्त घातलं तर जास्त घट्ट होईल! कालवायला भांडं सापडेना, म्हणून स्वयंपाकघरातलं पुरणाचं पितळी पातेलं उचललं. त्यात रेझिन ओतलं, हार्डनरची बाटली मोकळ्या हाताने रिकामी केली आणि डावाने ढवळायला लागलो. बाहेर वैशाखाचं ऊन. चार वेढे झाले नसतील, तो पातेल्यातून धूर निघायला लागला. मग चरचर आवाज. मग डाव हलेना! मी दोन्ही हातांनी ओढला, तर डावासकट पातेलं वर आलं.

शांताबाई दारात येऊन उभी राहिली.

“ते माह्या आईचं पातेलं आहे?”

“होतं,” मी म्हणालो.

ते पातेलं आजही आमच्याकडे आहे. डाव मधोमध उभा. वारा सुटला की दार आपटू नये म्हणून दाराला लावतो.

त्या वर्षी अधिक महिना ज्येष्ठात आला होता. आमच्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाचा मान देवासारखा. त्याला बोलवायचं, पाटावर बसवायचं, नवे कपडे, पुरणाचे धोंडे, वर दिवा लावून तेहतीस अनारशांचं वाण. आणि जावयाला काम सांगायचं नाही! त्याने पाण्याचा पेला स्वतः उचलला तरी घरातल्या बायका धावतात. तर हे आमचे देव आले, चहा घेतला, अंगणात गेले आणि मी घातलेले लेप नखाने टोकरून पाहायला लागले. मग शर्ट काढला आणि विटांवर ठेवलेल्या बोटीखाली शिरले. बुडाला मागच्या बाजूला हातभर लांब भेग होती. मला ती दिसलीच नव्हती.

अख्खा दिवस ते बोटीखाली होते. शांताबाई मला घरात बोलावून हळू आवाजात फाडत होती, “जवायाले बोटीखाली घातलं! धोंड्याच्या महिन्यात! लोक काय म्हन्तीन?” पण मी सांगतो, तो माणूस इतका खुशीत मी कधी पाहिला नाही. मी बाहेरून चटईचे तुकडे कापून देत होतो आणि आतून आवाज येत होता, “अजून एक, मामाजी.” लग्नाला चार वर्षं झाली होती, पण आमचं बोलणं असं त्या दिवशीच झालं. संध्याकाळी ते बाहेर आले. अंगभर पांढरी पिठी. ठिगळावर मूठ आपटून म्हणाले, “बोट तुटेल मामाजी. हे ठिगळ नाही सुटणार.”

भाऊराव ओट्यावरून ऐकत होते. सोबत अर्धी गल्ली ऐकत होती.

आता खरी गोष्ट.

बोटीच्या बुडाला अगदी मागे एक भोक असतं. बोट काठावर असताना आत साचलेलं पाणी निघून जावं म्हणून. त्याला एक जाड रबराचं, काळं, गोल बूच असतं. बोट पाण्यात उतरवायच्या आधी ते लावायचं, एवढंच बोटशास्त्र. बोट धरणावर न्यायच्या आदल्या दुपारी मी ती पाईपने धुतली आणि पाणी निघून जावं म्हणून बूच काढलं. ते हातातच होतं, तेवढ्यात शांताबाईचा आवाज आला.

“अवो! जवाई झोपले त्या खोलीत तळं झालं! त्याईची ब्याग भिजून राह्यली! आता तरी कूलरचं पाहाता का मी पाहू?”

मी पळत गेलो. जावई गाढ झोपले होते. कूलरच्या तळाच्या भोकात वर्षानुवर्षं कोंबलेली चिंधी कुजून गेली होती. मी हातातलं बूच लावून पाहिलं. काय बसलं! जणू त्या कूलरसाठीच जन्मलं होतं. एक थेंब गळेना. दोन उन्हाळ्यांचं काम एका क्षणात झालं आणि मी इतका खूश झालो की रात्री दोन वाट्या आमरस जास्त खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे धरणावर. शांताबाई, वर्षा, दिग्रसहून मुद्दाम आलेले आमचे व्याही, भाऊराव आणि भाऊरावांनी बोलावलेले लोक. (त्यांनी लग्नासारखं आमंत्रण फिरवलं होतं.) मोटर-पंप दुरुस्त करणाऱ्याने बोटीचं इंजिन चालू करून दिलं होतं. नारळ फोडला. जावई आहेराच्या नव्या कोऱ्या शर्ट-पँटमध्ये स्टिअरिंगवर बसले.

“मामाजी, बसा.”

“नको. वजन वाढेल,” मी म्हणालो.

बोट निघाली. फटफट करत सरळ पाण्यात आत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (त्या वेळेपर्यंत पाणी फक्त तिथेच आलं होतं, असा माझा समज होता.) थोडं पुढे गेल्यावर बोटीचं नाक हळूहळू वर उचललं जायला लागलं.

“स्पीड घेतली!” भाऊराव ओरडले. “विमानावानी! आता उडते!”

नाक आणखी वर आलं. टाळ्या वाढल्या. जावई उभे राहिले आणि दोन्ही हात हलवायला लागले. आम्हीही सगळे हात हलवायला लागलो. व्याही तर रुमाल काढून हलवत होते. “माह्या पोराले असा खुश कधी पाह्यला नाही,” ते म्हणाले. वर्षा एकटी हात खाली घेऊन म्हणाली, “बाबा, ते ओरडून राह्यले ना?”

तेवढ्यात मागचं इंजिन बुडालं. फटफट थांबली आणि सगळ्या धरणावर शांतता पसरली. बोट बैलाने बसावं तशी मागून बसली आणि दिसेनाशी झाली. मे महिना होता म्हणून वाचलो. पाणी छातीइतकंच होतं, पण त्याखाली गाळ. जावई त्या गाळातून एकेक पाय उपसत काठाकडे यायला लागले. एका हातात नारळाची अर्धी कवड उंच धरलेली. का धरली होती, त्यांनाच ठाऊक. काठावरच्या म्हशी पाणी प्यायच्या थांबून पाहत होत्या.

ट्रॅक्टरला दोर बांधून बोट दगडांवरून ओढून काढली. बूड सगळं गाळाने लिंपलेलं. ठिगळाच्या जागी गाळ, भोकातही गाळ. काही म्हणता काही दिसत नव्हतं. पण लोकांना दिसायची गरजच नव्हती. मागचीच बाजू बुडाली होती ना! सगळे एकदम त्या बाजूकडे पाहायला लागले आणि कोणी काहीच बोललं नाही.

बोलले असते तर बरं झालं असतं. भावाला, पुतण्याला चारचौघांत शिव्या घालतात, तो उलट शिव्या घालतो आणि विषय संपतो. पण जावई! धोंड्याचा जावई! त्याला दोष द्यायचा नसतो. म्हणून सगळे त्याची समजूत काढायला लागले.

“असू द्या बापू, होते असं कधी कधी.”

“मटेरियलच खराब असन. तुमचा काय दोष?”

“आमच्या जवायानं तर भिंत बांधली होती, दुसऱ्या दिवशी पडली. आमी काही बोललो का त्याले?”

प्रत्येक वाक्याला जावयाची मान आणखी खाली. ज्याच्यावर आरोपच नाही, तो माणूस उत्तर कशाचं देणार? घरी आल्यावर ते अंगावरचा गाळ धुऊन खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी कूलरमध्ये पाणी आहे का ते पाहायला गेलो, झाकण काढून वाकलो, आणि तळाशी ते बूच! काळं, गोल, अगदी घट्ट बसलेलं. माझ्याकडे पाहत होतं.

मी लगेच बाहेर आलो. देवाशप्पथ सांगायलाच आलो होतो. तोंड उघडलंही होतं. तोच व्याह्यांनी माझे दोन्ही हात धरले. “इवाईबुवा, माह्या पोरानं तुमची सारी मेहनत पान्यात घातली. तरी तुमी एका शब्दानं बोलले नाही. मोठा माणूस हो तुमी!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. शांताबाईसुद्धा माझ्याकडे जरा आदराने पाहत होती. लग्नानंतर दुसऱ्यांदा. मी तोंड मिटलं. म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी पहाटेच जावई निघून गेले. त्यानंतर वर्षा येत राहिली, ते आले नाहीत. पुढचा धोंड्याचा महिना लॉकडाऊनमध्ये गेला. त्याच्या पुढच्याला त्यांना सुट्टी नव्हती म्हणे. वर्षाकडून कळलं की त्यांनी कारखान्यात हाताचं काम सोडून गोदामाचं काम मागून घेतलं. “ते म्हन्तात, माह्या हातचं काही खरं नाही,” ती भाजी निवडता निवडता म्हणाली, आणि मी उठून कूलरमध्ये पाणी भरायला गेलो, कारण दुसरं जायला ठिकाण नव्हतं. तिथेही ते बूच बसलेलंच होतं! दर उन्हाळ्यात गार हवा यायची आणि मला घाम फुटायचा. दुसरं बूच लावून पाहिलं, बसलंच नाही. बोट अंगणात विटांवर ठेवली ती ठेवलीच. तिच्यात माती भरली, शांताबाईने कोथिंबीर पेरली. भाऊराव जाता-येता विचारायचे, “काका, यंदा नाव काढता का भाजीच काढता?”

यंदा पुन्हा अधिक ज्येष्ठ आला. वर्षाने काय सांगितलं कोण जाणे, पण प्रशांतराव आले. केस पिकायला लागलेले. अंगणातून आले ते बोटीकडे न पाहता. त्यांना तर बोटीला वळसा घालूनच यावं लागतं, तरी पाहिलं नाही!

मी ठरवलं, आज सांगायचं. वाणाच्या ताटात अनारशांशेजारी ते बूच ठेवायचं, पाया पडायचं आणि मोकळं व्हायचं. सकाळी हळूच कूलरमधून बूच काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं. त्या जागी एक चिंधी कोंबली. थोड्या वेळाने पाहतो तर जावई पाईप घेऊन कूलर भरतायत. (मी काही सांगितलं नव्हतं. त्या माणसाला हात रिकामे ठेवताच येत नाहीत.)

दुपारी पाट मांडले, रांगोळी काढली. शांताबाईने तेहतीस अनारसे मोजून ठेवले, परत मोजले. जावई पाटावर बसले. तिने ओवाळलं, जेवणाची ताटं वाढली. माझा हात खिशात. आता काढतो, मग काढतो, असं चाललं होतं. वर्षा खोलीतून काही आणायला गेली आणि किंचाळली.

“आई! खोलीत पानीच पानी! माह्या साऱ्या साड्या गेल्या!”

दारातून पाणी बाहेर आलं, ओसरीतून सरळ पंगतीत आलं, आणि रांगोळीचा मोर आधी पुसट झाला, मग चालायला लागला. शांताबाई वाणाचं ताट उचलून उभी राहिली. तिच्या तोंडून निघून गेलं, “कूलर कोनं भरला होता आज?”

सगळ्यांची नजर जावयाकडे गेली. मग तीच घाईघाईने म्हणाली, “असू द्या जवाईबापू, होते असं. पाईप बंद करायचा राहून जाते मानसाचा.”

प्रशांतरावांनी हातातला घास ताटात ठेवला. मान हळूहळू खाली गेली. तीच मान. धरणाच्या काठावरची.

आणि मी? मी गप्प होतो! खोटं कशाला लिहू? आठ वर्षांची सवय. पाणी माझ्या पाटाखाली शिरेपर्यंत मी बसून होतो. मग ढुंगण गार पडल्यावर जाग आली असं समजा. मी खिशातून बूच काढलं आणि त्यांच्या ताटात ठेवलं.

त्यांनी ते उचलून उलटंसुलटं करून पाहिलं. “हे बोटीचं आहे.”

“हो.”

“कुठं होतं?”

“कूलरात. आज सकाळी मी काढलं.”

“अन् तेव्हा?”

“तेव्हाही कूलरातच होतं, प्रशांतराव. बोट तुमच्या ठिगळाने नाही बुडाली. मी बूच लावलंच नव्हतं.”

एवढं वाक्य बोलायला काय लागतं? मला आठ वर्षं लागली.

जावई पाटावरून उठले. भरल्या ताटावरून धोंड्याचा जावई उठला, म्हणजे घराण्याचा निकाल! शांताबाईने कपाळाला हात लावला. ते काही न बोलता अंगणात गेले आणि नव्या कपड्यांनिशी बोटीखाली शिरले. आम्ही सगळे दारात. नुसते पाय दिसत होते. आतून खरवडल्याचा आवाज येत होता, वाळलेल्या गाळाच्या खपल्या बाहेर पडत होत्या. मग मुठीचा आवाज आला. एकदा, दोनदा. मग दणादण! वरची कोथिंबीर हलत होती.

“वर्षा!” आतून आवाज आला. एवढा मोठा आवाज त्या माणसाला आहे, हे कोणाला माहीत नव्हतं. “वर्षा, धरून आहे! कोपरासुद्धा उचलला नाही!”

वर्षा ओल्या साड्या हातात घेऊन रडत होती. शांताबाई माझ्याकडे वळली. त्या दिवशी तिने मला जे ऐकवलं ते बोटीसकट, पातेल्यासकट, कूलरसकट होतं, आणि अर्ध्या गल्लीने ते ऐकलं.

प्रशांतराव बाहेर आले तेव्हा केसांत माती होती. माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. बोलावंच त्यांनी. पण ते एवढंच म्हणाले, “मामाजी, हे सगळ्यांना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार.”

“सांगतो,” मी म्हणालो. “आज. उद्या नाही.”

मग ते पाटावर बसले, आणि वाटीभर तूप घालून चार धोंडे खाल्ले.

मी लगेच दिग्रसला फोन लावला. व्याह्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते गहिवरले.

“इवाईबुवा, राहू द्या. मले समजते. जवायाचा दोष आपल्या अंगावर घेऊन राह्यले तुमी. असा सासरा भेटाले नशीब लागते!”

“अहो, खरंच माझी चूक आहे! बूच कूलरात होतं!”

“कूलरात!” ते हुंदका देऊन म्हणाले. “काय काय सुचते मानसाले दुसऱ्याची इज्जत वाचवाले!”

भाऊरावांना सांगितलं, तर ते ओट्यावरून उतरून माझ्या पाया पडले. नागपूरच्या मावसभावाला सांगितलं, त्याने आपल्या सासऱ्याला माझं उदाहरण दिलं. मी जितकं सांगतो, तितका थोर होत चाललो आहे! जावयाचं ठिगळ मात्र लोकांच्या तोंडी अजून सुटलेलंच आहे. म्हणून शेवटी हे लिहून काढलं. म्हटलं, छापलेल्यावर तरी लोक विश्वास ठेवतील. काल भाऊरावांना वाचून दाखवलं. त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

“काका, जवायासाठी मानसानं इतकं खोटं लिवावं? तेही इतकं सविस्तर?”

तेव्हा वाचकहो, निदान तुम्ही तरी विश्वास ठेवा. पुरावा माझ्याकडे आहे. ज्याला ते बूच डोळ्यांनी पाहायचं असेल त्याने खुशाल घरी यावं. बोट दिसली की थांबा. फक्त पावसाळा लागल्यावर या. सध्या ते कूलरमध्ये आहे.